फोटोतल्या दोन कोंबड्या

आमच्या पालिकेने ठरवलं, की जी बाई आरोग्य चौकीत बाळंत होईल तिला जीपचं भाडं आणि दोन कोंबड्या मिळतील. माझी आमा, म्हणजे आई, गावची आरोग्यसेविका. हुकूम ऐकल्यापासून ती घरोघरी गरोदर बायांचे महिने विचारत डोंगर चढत-उतरत होती.

अडलं फक्त बज्यैंच्या, म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या आजींच्या, दारात. बाहुनांचं, म्हणजे ब्राह्मणांचं घर, कोंबडीचं पीस अंगणात उडून आलं तरी बज्यै सगळं शेणाने सारवायच्या. त्यांची सून मेनका आठव्या महिन्यात होती. तिचं पहिलं मूल गोठ्याशेजारच्या खोलीत जन्मलं आणि रडलंच नाही. या खेपेला आमा हटणार नव्हती.

"भर बाजारात माझ्या सुनेच्या हातात कोंबड्या?" बज्यै आमाला म्हणाल्या. "अक्कल आहे का तुला, दिलसरी?"

"मग नुसतं भाडं घ्या."

"देतील?"

आमा दोन तास उतरून पालिकेत विचारून आली. कोंबड्यांसकट फोटो नसेल तर भाडंही नाही. कोंबड्यांऐवजी तूप द्यायचं पुढच्या वर्षी बघू, असं साहेब म्हणाले.

"पुढच्या वर्षी होय? मेनकाला सांगते तोवर थांबायला," असं त्यांना सुनावून ती परत आली होती.

मेनकाचा नवरा कतारला, चार महिने त्याचा पगार अडकलेला. भाड्याशिवाय जीप नाही. "माझीही बाळंतपणं गोठ्यातच झाली," बज्यै म्हणाल्या, पण सुनेकडे न बघता.

"बज्यै, कोंबड्या मी धरते. फोटोत पुढे मी, मागे मेनका बाळ घेऊन."

"आणि लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, दिलसरीला अठ्ठावन्नाव्या वर्षी जुळं झालं. पिसांसकट."

बज्यैंनी पदर तोंडावर घेतला, पण खांदे हलत होते. "मेली चावट," म्हणाल्या, "बोलव तुझी जीप."

मुलगी झाली. नंतर मेनकाला इतकं रक्त गेलं, की नर्सने इंजेक्शन दिलं तेव्हा आमाने मेनकाचे पाय धरून ठेवले होते. घरी हे इंजेक्शन मिळालं नसतं, हे बज्यैंनाही कळलं.

पालिकेच्या कारकुनाच्या हिशेबी ज्या बाईच्या काखेत कोंबड्या ती बाळंतीण. फोटोखाली त्याने लिहिलं: 'बाळंतीण दिलसरी थापा मगर, कन्यारत्न.' फोटो वर्षभर पालिकेच्या भिंतीवर होता. मला चौतिसाव्या वर्षी बहीण झाली म्हणून मी शिकवते त्या पोखऱ्याच्या शाळेत माझ्याकडून पेढे उकळले गेले.

कोंबड्या आमच्याकडेच राहिल्या. बाळाचं वजन करायचं म्हणून मेनका दर शनिवारी यायची आणि दोन उकडलेली अंडी खाऊन जायची. बज्यै एकदा म्हणाल्या, "या पोरीचं वजन करायला फार वेळ लागतो हं." एवढंच.

या माघात आमा गेली. तेराव्याला ठेवायला तिचा दुसरा धड फोटो सापडेना, म्हणून तोच ठेवला. दोन्ही काखांत कोंबड्या, आणि चेहरा असा, की खरंच तिनेच काहीतरी पार पाडलंय.

बज्यै काठी टेकत आल्या, चार वर्षांच्या नातीचं बोट धरून. फोटोकडे बराच वेळ पाहिलं.

"यातली एक अजून अंडी देते का गं?"

"देते, बज्यै."

"बरं." त्यांनी नातीला पुढे ढकललं. "पाया पड. सरकारदरबारी ही तुझी आमा आहे."

मुलीने आधी कोंबड्यांना नमस्कार केला, मग आमाला.