क्लुवियाबाईंचे पाचू

क्लुवियाबाईंच्या गळ्यातले पाचू काचेचे होते, हे अख्ख्या रोमात दोघींनाच ठाऊक होतं. एक त्या स्वतः, दुसरी मी, त्यांची सोनारीण. खरे पाचू त्यांनी नवरा गेल्यावर विकून खाल्ले. त्या जागी हिरव्या काचा मीच बसवल्या. सोनं तेवढं खरं राहिलं.

बाईंना मूल नाही, वय सत्तर, वर बारीकसा खोकला. मग काय विचारता! मृत्युपत्रात आपलं नाव लागावं म्हणून रोज सकाळी दारात ही गर्दी. सगळ्यांत पुढे ओफिलियस. मेला स्वतः विधुर, मागे-पुढे कोणी नाही, तरी डोळा दुसऱ्याच्या घरावर. कधी कालवं आणायचा, कधी अंजिरं, कधी रानडुकराची मांडी. बाईंची चूल त्याच्यावरच चालायची. तो फिरकला नाही, तर त्या दिवशी शिळा पाव आणि कांदा.

एकदा हा शहाणा तो हार घेऊन माझ्या दुकानात हजर. "मावशींना म्हटलं, उजळून आणतो," डोळा मारत म्हणाला. "खरं सांग बाई, कसे आहेत पाचू?"

खरं बोलले तर म्हातारी उपाशी मरणार. मी हार उन्हात धरला, एक खडा उगाच जिभेला लावला. म्हटलं, "असे पाचू उभ्या जन्मात पाहिले नाहीत हो मी!" यात खोटं काय होतं?

त्याचे डोळे लकाकले. तडक जाऊन त्यानं आपलं मृत्युपत्र केलं, घरदार, मळे, सगळं बाईंच्या नावे. आमच्याकडे गळाला आमिष असंच लावतात. "बघा मावशी, मी माझं केलं. आता तुम्ही?"

"करते रे बाळा," बाई खोकत म्हणाल्या. "जरा बरं वाटू दे."

बरं वाटायला त्यांनी सहा वर्षं लावली. मृत्युपत्र व्हायच्या आत म्हातारी दगावू नये, म्हणून आणलेलं सगळं ओफिलियस आधी स्वतः चाखायचा. सहाव्या उन्हाळ्यात कालवं नासली होती. त्यानं चाखली आणि दोन दिवसांत आटोपला.

बाई भल्या सकाळी माझ्याकडे आल्या. डोळे खरंच भरले होते. "हार चितेवर ठेवते गं. त्याचा जीव अडकला होता यात."

मला भरून आलं. बाईंनी नाक पुसलं.

"सोनं तेवढं काढून पितळ लाव. त्याला आता काय कळतंय!"

हार चितेवर पडला तशी गर्दी हळहळली. "काय मन आहे हो! एवढे पाचू जाळले, म्हणजे घरात किती असतील!"

दुसऱ्या दिवशी बाईंच्या दारात कालवांच्या नऊ टोपल्या होत्या. ओफिलियसचं घर आता बाईंचं होतं, मळे बाईंचे होते आणि बाईंना मूल नव्हतं. नवांतली एक टोपली मी पाठवली होती.