जाळीत न शिरलेले बोट

मित्रांनो, मी एक जुने पोलादी बोट आहे. हसू नका. मला हात नाही, नख नाही, पण दोन सांधे मात्र आहेत. देशात विकायच्या वस्तू कशा असाव्यात याची मानके जिथे ठरतात, तिथल्या प्रयोगशाळेत मी राहते. माझे काम एकच. टेबलपंख्याच्या जाळीत शिरून पाहायचे. पात्याला टेकले की पंखा नापास. भले भले कारखानदार माझ्यापुढे चळाचळा कापत आणि माझाही तोरा काही कमी नव्हता.

मला हाताळत त्या तपासणीच्या ताई. मला मोठ्या माणसाच्या बोटावरून बेतले आहे, हे त्यांच्याच ध्यानात आले. त्यांनी समितीपुढे बारीक बोटाची सूचना मांडली. आमची रीत अशी की कारखानदार, ग्राहक, अधिकारी एका टेबलाशी बसतात आणि एकमत झाल्याशिवाय मानकातला शब्दही हलत नाही. त्या दिवशी अध्यक्षांनी पंखा मागवला आणि स्वतःचेच जाडजूड बोट जाळीत घातले.

"कुठे जातंय? बघा की!"

मग सगळ्यांनीच हौसेने बोटे घालून पाहिली. हशा पिकला.

"साहेब, लहान मुलांचं जाईल ना," ताई म्हणाल्या.

"जाळ्यांचे सगळे साचे बदलावे लागतील, ताई. पुढच्या आढाव्यात बघू," अध्यक्ष म्हणाले.

पुढचा आढावा पाच वर्षांनी होता. ताई नियमाला बांधलेल्या. त्या पंखे पास करत राहिल्या, माझ्याच साक्षीने.

त्यांच्या लेकीने आईच्या कार्यालयाचा शिक्का बघून असाच एक पंखा घेतला. दोन वर्षांच्या नातीने उजव्या हाताचे बोट जाळीत घातले आणि ते पेरभर तुटले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला हातात घेतले. "तुला काय बोलू? सही माझी आहे," एवढेच म्हणाल्या. मित्रांनो, त्या दिवशी मला भट्टीत जाऊन वितळावेसे वाटले. अजूनही वाटते.

मग मात्र आढाव्याची वाट कोणी पाहिली नाही. बारीक बोटाच्या नियमाचा मसुदा निघाला, लोकांच्या हरकती मागवल्या, एकही आली नाही. आज मी कपाटात पडून आहे, त्याचे दुःख नाही. तुम्हीही मोठे होऊन नियम कराल. तेव्हा जो टेबलाशी बसलेला नाही, त्याच्याही हाताचे माप घ्या.

नव्या बोटासाठी मुलांची मापे घेतली, तेव्हा ताईंची नातही रांगेत होती. तिची पाळी येताच तिने हसत उजवा हात पुढे केला.

ताईंनी तो ओठांना लावला. म्हणाल्या, "हा नको, राणी. दुसरा दे."