कोथिंबिरीची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची. कानडी मुलखातल्या एका मोठ्या शहरात, बसवनगुडीत, लांब पडवीची, कौलारू अशी एक उतारशाळा आहे, पाहुण्यांनी मुक्काम करावा, जेवावं अशी. तिच्या मागच्या अंगणात बटरफ्रूटचं, म्हणजे अॅव्होकॅडोचं, भलं मोठं झाड आहे, आणि झाडाखाली जेवणाची टेबलं. तिथंच माझा मुक्काम. दिवसभर मी अर्धवट झोपेत असते. वारा आला की माझ्या विणीतल्या भोकाभोकांतून शिरतो, आणि मला माझं रान दिसू लागतं.

त्या रानात मी वेल होते. मोठ्या झाडांच्या खांद्यावर हात टाकून वर वर चढायचं, एवढंच काम. पायाशी ओढा वाहायचा. मग कोयता आला, मोळी झाली, लॉरी आली. शिवाप्पा नावाच्या कारागिरानं मला सोललं, पाण्यात भिजत घातलं आणि सागवानी चौकटीवर ओढून ओढून विणलं. "कोरडा वेत मोडतो, ओला वेत ऐकतो," असं तो पुटपुटायचा. बोटं चिरली, पण त्यानं वीण सैल पडू दिली नाही.

उतारशाळेत माझे चांगले दिवस गेले. देवदर्शनाला आलेले, नोकरीच्या मुलाखतीला आलेले, नवीन लग्न झालेले, सगळे माझ्यावर बसून जेवले. पाठ टेकली की माणसं "हुश्श" करायची. मित्रांनो, खुर्चीला तेवढीच दाद कळते. कधी पिकलं बटरफ्रूट धपकन ताटाशेजारी पडायचं. वाढपी मंजुनाथ म्हणायचा, "घाबरू नका साहेब, ते बिलात नाही."

मग पीण्या नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या कारखान्यातून लोखंडी खुर्च्या आल्या. काळ्या, चकचकीत, उन्हात तापणाऱ्या. माझ्या बैठकीच्या दोन पट्ट्या तुटल्या होत्या. मला स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी नेऊन ठेवलं. तिथं माझ्यावर कोणी बसेना. कोथिंबिरीच्या जुड्या मात्र बसायच्या, कधी कढीपत्ता, कधी केळीच्या पानांचा भारा.

त्या दारातून यल्लव्वा ये-जा करायची. चिकोडीकडची बाई, तीस वर्षं इथली चूल सांभाळलेली. ऊन सरकलं की मला सावलीत ओढायची. दर सोमवारी ओल्या फडक्यानं पुसायची आणि गुणगुणायची:

दुरून आला पाव्हणा, धूळ त्याच्या पायावरी
बस बाबा सावलीला, मग जाशील तुझ्या घरी

पण ती स्वतः? एकदाही बसली नाही. सगळ्यांचं झालं की दाराच्या चौकटीला टेकून, हातातच भाकरी घेऊन चार घास खायची. तिचं पाऊल वाजलं की मला वाटायचं, आज बसेल. ती जुडी उचलायची आणि आत जायची.

गेल्या महिन्यात एका रविवारी ती कायमची निघाली. गुडघे थकले, लेकीनं गावाकडं बोलावलं. संध्याकाळची गाडी होती. चूल आता चंदनकडे यायची होती. जवळच्या बनशंकरीचा हा तिशीतला मिशीवाला गडी पीण्यातल्या एका कारखान्याचं कँटीन सोडून इथं आलेला. तीन वर्षं तो तिच्या हाताखाली शिकला. तिचं प्रसिद्ध भरलं वांगं मात्र तिनं त्याला एकट्यानं कधी करू दिलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं ते केलं.

दुपारचे पाहुणे गेले. चंदन पळीत वांग्याचा रस्सा घेऊन दाराशी आला. यल्लव्वानं तळहातावर थेंब घेतला, जिभेला लावला.

"सरी," ती कानडीत म्हणाली.

"सरी म्हणजे काय, अक्का? चांगलं की चालेल?"

"सरी म्हंजे सरी."

"तसं नाही चालायचं. नीट सांगा. नाहीतर उद्या मी या चुलीशी उभा राहणार नाही. कँटीनमध्ये परत जातो. तिथं निदान कोणी तुमच्या वांग्याशी तुलना करणार नाही."

यल्लव्वा गोंधळली. धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाली, "अरे तम्मा, उभ्यानं मीठ कळतंय. जेवण कळायला बसावं लागतंय."

"मग बसा की!"

"मी? कुठं?"

मालकीण सुखदा हे ऐकत होती. पुण्याची, संगणकाची नोकरी सोडून तिनं ही जागा चालवायला घेतलेली. तिनं मला उचललं, अंगणात नेलं आणि झाडाखालच्या टेबलापाशी ठेवलं. "अक्का, प्लीज. इथं."

"अगं बाई, ती कोथिंबिरीची खुर्ची! आणि ही पाव्हण्यांची जागा."

मंजुनाथनं खांद्यावरचं फडकं झटकलं आणि कमरेत वाकला. "आज तुम्हीच पाहुण्या. या मॅडम. झाडाखाली डोकं सांभाळा."

"मेल्या, तीस वर्षांत मला मॅडम म्हणाला न्हाईस!"

पण ती आली. पदर सावरून, कोणी ओरडेल अशा भीतीनं, हळूच माझ्यावर टेकली. माझी आणखी एक पट्टी कट्कन तुटली. मी उरलेल्या साऱ्या पट्ट्या ताणून धरल्या. शिवाप्पाच्या चिरलेल्या बोटांची शपथ, मला तिला खाली पडू द्यायचं नव्हतं.

मंजुनाथनं पान मांडलं. चंदननं वांगं वाढलं, भाकरी वाढली आणि हात मागं बांधून उभा राहिला. ऊन पानांतून झिरपून तिच्या हातांवर पडत होतं. तिनं घास घेतला. चावला. दुसरा घेतला. नजर पानावरच. भाकरी संपली. चंदननं मान खाली घातली, कमरेचं फडकं सोडायला लागला.

यल्लव्वानं माझ्या पाठीला पाठ टेकली. सगळी, पूर्ण.

"हुश्श," ती म्हणाली. मग वर न बघता, "बघत काय उभा राहिलास? वांगं आण अजून. आणि भाकरी अख्खी आण, अर्धी नको."

चंदन आत पळाला तो मिशीतल्या मिशीत रडत आणि हसत.

यल्लव्वा गावी गेली. सोमवारी चुलीशी चंदन होता. आता दुपारी पाहुणे उठले की स्वयंपाकघरातलं रोज एक माणूस माझ्यावर बसून जेवतं आणि बाकीचे त्याला वाढतात. माझ्या पट्ट्या विणायला सुखदानं माणूस बोलावला आहे, तो येईल तेव्हा येईल.

मित्रांनो, घरात वेताचं काही असेल तर त्याला उन्हात टाकू नका, अधूनमधून ओलं फडकं फिरवा, ते तुम्हाला पुष्कळ वर्षं साथ देईल. आणि तुमच्या घरीही कोणीतरी ओट्याशी उभ्यानं जेवत असेल. आज ताटावरून जरा लवकर उठा, त्यांच्यासाठी पान मांडा. "नको, नको" म्हणतील. ऐकू नका. गरम भाकरी वाढा, आणि दुसरी मागेपर्यंत तिथंच उभे राहा.