अण्णांचा समुद्र

अण्णांना एकदा समुद्र दाखवायचाच, असं थोरल्या लेकीने मनावर घेतलं होतं. जन्मभर क्रेन चालवलेला हा माणूस आता दोन पावलांत धापा टाकायचा. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. म्हणून तिने घरची जुनी कॅम्पर गाडी काढली. तिच्यात मागे पलंग, पलंगाखाली चार्जर आणि बॅटऱ्या. मशीन त्यांच्यावर चालायचं. त्या चालत्या इंजिनावर चार्ज होत नसत; मुक्कामाच्या मैदानावर विजेच्या खांबाला केबल जोडावी लागे.

पहिल्या मुक्कामी वीजच नव्हती; रात्रभर मशीन चालून दुसऱ्या मुक्कामी पोचेपर्यंत बॅटऱ्या पार उतरल्या. मशीन टूं टूं करू लागलं, तशी तिने घाईने केबल ओढली.

"आधी मीटर लाव," अण्णा पडल्या पडल्या म्हणाले. "खांबातल्या विजेचा भरवसा नसतो. व्होल्टेज चढलं की वीज तोडणारी ती पेटी मध्ये जोड, मगच चार्जर."

"तुमचा श्वास बघू की व्होल्टेज बघू?"

तिने केबल थेट खुपसली. मशीनचं टूं टूं थांबलं. तिने हुश्श केलं, अण्णांना पेज भरवली, त्यांचं तोंड पुसलं. पण खांबातली न्यूट्रल तार सैल होती. त्यामुळे काही तासांनी व्होल्टेज अचानक चढलं. पलंगाखाली फट् असा आवाज झाला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास गाडीभर पसरला.

"गेला ना चार्जर?"

तिने केबल उपटून काढली. "माझंच चुकलं, अण्णा."

"चार्जर गेलाय, मी नाही अजून. बॅटरी किती भरली?"

अर्धीच. तेवढ्यावर कुठे न थांबता घर गाठता आलं असतं, नाहीतर समुद्र. समुद्रावरून परत मात्र येता आलं नसतं.

"फिरव गाडी," अण्णा म्हणाले. "समुद्र काय पळून जातोय?"

घरी आल्यावर त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच. आत्या भेटायला आली. भावाच्या पायांवरून हात फिरवत तिने विचारलं, "दादा, पाहिलास का रे समुद्र?"

लेकीचा चेहरा उतरला. ती काही बोलणार, तोच अण्णा म्हणाले, "पाहिला की! भरती होती. हिने पार पाण्यापर्यंत नेलं मला."

ती स्वयंपाकघरात गेली, नळ मोठा सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडली.

त्याच आठवड्यात अण्णा गेले. आलेल्या-गेलेल्यांना आत्या सांगत राहिली, "पोरीने बापाची शेवटची इच्छा पुरवली हो." लोक लेकीच्या पाठीवरून हात फिरवत. ती मान खाली घालून ऐकून घेई.