काठोकाठ

हाझिमने पाणी गालात खुळखुळवलं आणि धावत्या गाडीच्या खिडकीतून बाहेर थुंकलं. वाऱ्याने त्यातलं निम्मं परत आणून मागच्या दारावर सोडलं. सकाळपासून हे चौथ्यांदा. दार पुसायचं काम सुवैलिमचं असल्यामुळे वाऱ्याची दिशा लक्षात ठेवण्याची गरज हाझिमला वाटली नव्हती.

"चाखायला जीभ कोरी लागते," तो म्हणाला. "तुला नाही कळायचं."

"नाही कळत, उस्ताद," गाडी चालवता चालवता सुवैलिम म्हणाला.

अम्मानमधल्या एका पर्यटन कंपनीला देशात प्यावं असं काय काय मिळतं याची यादी हवी होती. हाझिम वीसपैकी चौदा गुण देईल त्या दारावर पितळी पाटी लागणार होती, आणि पाटीमागोमाग परदेशी पाहुण्यांच्या गाड्या. हाझिम सहा वर्षं फ्रान्समध्ये राहून वाइन चाखायला शिकला होता. या विद्येत गिळणं फारसं नसतं. परवा अम्मानच्या एका गच्चीवर त्याने कॉकटेलचा एक घोट तोंडात धरला आणि "शाळकरी" एवढंच म्हणून कुंडीत सोडला. काल मफरकजवळच्या द्राक्षमळ्यात मालकाने तीन बाटल्या फोडल्या. तिसरीबद्दल हाझिम म्हणाला, "ही निदान काही लपवत नाही." मालकाने ते वाक्य कौतुकाने लिहून घेतलं. चिंचेच्या सरबतवाल्याला अकरा गुण मिळाले. त्यातले दोन पेल्याच्या काचेला.

आज कॉफी होती. हाजी अबू निमरचं नाव यादीत कसं आलं हे कंपनीत कुणालाच आठवत नव्हतं. ते सुवैलिमने घातलं होतं.

"उस्ताद, ते मघाचं..." कतरानाचा पेट्रोल पंप मागे पडल्यावर तो म्हणाला.

"काय मघाचं?"

"हाजीकाकांनी कॉफीचा फिंजान, ती बिनकानाची वाटी, पुढे केला की प्यायचा नाही. समोर ठेवायचा. ते विचारतील, मागणं काय. मग एवढंच म्हणायचं, की सुवैलिमची बायको परत पाठवा. तुमच्यासारख्या माणसाला ते नाही म्हणणार नाहीत."

सुवैलिमची बायको फिद्दा ही हाजीची मुलगी. अकरा महिन्यांपूर्वी ती रुसून बापाच्या तंबूत गेली होती. रुसून गेलेल्या बायकोला आणायला नवऱ्याने एकट्याने जायचं नसतं. बरोबर वजनदार माणसं न्यायची असतात.

"मी कॉफी चाखायला चाललोय," हाझिम म्हणाला. "तुझा संसार सांधायला नाही. तुझे चुलते, मामे काय करतात?"

"सगळ्यांचे पाय धरले. म्हणतात, जे बोललास ते बोललास, आता आमच्या दाढ्या मध्ये कशाला घालतोस?"

"बोललास काय पण?"

सुवैलिमने आरशात पाहिलं. "घरी मित्र बसले होते. मी म्हणालो, माझ्या सासऱ्याची कॉफी प्यायची नसते, गुडघ्यांना चोळायची असते. ही पडद्यामागेच होती."

हाझिम तीन दिवसांत पहिल्यांदा हसला. त्याने खिशातून वही काढली आणि वाक्य उतरवून घेतलं.

"हे मी वापरीन."

"नका वापरू, उस्ताद."

"आणखी काही?"

"आणखी एक. तिथे फिंजान तळ ओला होण्यापुरताच भरतात. पुरे झालं की हलवून परत द्यायचा. आणि कधी काठोकाठ भरून दिला, तर समजायचं, प्या आणि चालते व्हा. त्याच्याइतका अपमान नाही."

पण 'आणखी एक' ऐकल्याबरोबर हाझिमने कानांत गाण्याच्या गुंड्या घातल्या होत्या. पुढचं सगळं सुवैलिमने रस्त्याला सांगितलं.

तंबू शेळीच्या केसांचा, काळा, पुढून उघडा होता. सुवैलिमने गाडी चाळीस पावलांवर उभी केली आणि तो बॉनेटला टेकून राहिला. याहून पुढे जायची त्याला सोय नव्हती. हाझिम एकटाच गालिच्यावर जाऊन बसला. जुनी लोकरी उशी त्याने दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली.

हाजी अबू निमर सत्तरीचा, काटकुळा माणूस. त्याने पाहुण्यासमोर बिया भाजल्या, लाकडी उखळात ओतल्या आणि मुसळ हातात घेतलं. मग जे सुरू झालं त्याला कुटणं म्हणणं कठीण होतं. दोन ठोके तळाला, एक काठाला, मध्ये एक गाळलेला, पुन्हा दोन तळाला. हा ठोका माळावर लांब ऐकू जायचा, आणि तो ऐकून शेजारचे समजायचे की तंबूत पाहुणा आहे, यायला हरकत नाही. आज मात्र कुणी आलं नाही. सुवैलिमची गाडी सगळ्यांना ओळखू येत होती.

उखळ हाजीच्या आजोबांनी रानपिस्त्याच्या लाकडात कोरलेलं. तीन पिढ्यांचे हात लागून ते काळं झालं होतं आणि काठावरची नक्षी बोटांनी झिजून गेली होती. हाझिमने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. पुढच्या महिन्यात तो अम्मानमध्ये स्वतःचा बार उघडणार होता. बाटल्यांच्या मधोमध, वरून एक बारीकसा दिवा. तीन दिवसांत त्याला मनापासून आवडलेली ही पहिली वस्तू. ती पिता येत नव्हती, हा तिचा मोठाच गुण.

"कॉफी पसंत पडली तर बाहेर पितळी पाटी लागेल, हाजी," तो म्हणाला.

"पाटी कशाला?" हाजी म्हणाला. "तंबू दिसतो की लांबून."

रीतीप्रमाणे पहिला फिंजान हाजी स्वतः प्यायला. दुसरा त्याने पाहुण्याला दिला. हाझिमने तो नाकाखाली धरला. कालची उकळी, तिच्यावर आजची भर, आणि हे सगळं झाकायला मूठभर वेलदोडे. थुंकायला जागा कुठे, म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं. सगळीकडे गालिचा. तेव्हा त्याने फिंजान ओठांना न लावताच खाली ठेवला, मांडीवर गुणांचा कागद पसरला आणि वासापुढे लिहिलं, 'जळका दोर'.

हाजीचा किटली धरलेला हात थांबला. मधल्या पडद्यामागे भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला. चाळीस पावलांवर सुवैलिम बॉनेटपासून सरळ झाला. गालिच्यावरचा पांढरा फिंजान त्याला तिथून दिसत होता.

"पाहुणे," हाजी म्हणाला, "कॉफी निवते आहे."

"निवू दे," हाझिम मान वर न करता म्हणाला. "निवल्यावरच दोष कळतात."

हाजीने हे ऐकलं की नाही, कळलं नाही. तो पाहुण्याच्या खांद्यावरून गाडीकडे पाहत होता. अकरा महिने त्याने पडद्यामागचं गप्प बसणं ऐकलं होतं, आणि मागायला कुणीच येत नसल्यामुळे द्यायचीही सोय नव्हती.

"मागणं काय असेल ते बोला," तो म्हणाला. आवाज जरा मऊच होता.

हाझिमने पेन थांबवलं. आता त्याला आठवलं. मावसबहिणीच्या सोयरिकीला हॉटेलच्या दिवाणखान्यात हे झालं होतं. एका माजी मंत्र्याने कॉफी खाली ठेवली, भाषण केलं, मुलीच्या काकाने 'प्या, मागाल ते दिलं' म्हटलं, तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि मग केक आला. तर ही ती गोष्ट. म्हणजे आत्ता आपण काहीही मागू शकतो.

त्याला सुवैलिमची आठवण झाली नाही असं नाही. झाली. पण माणसाला असं मागायची संधी आयुष्यात एखादवेळी मिळते. ती ड्रायव्हरच्या बायकोवर घालवायची?

"हे उखळ," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"हे उखळ हवं मला. मुसळासकट. पैसे देतो म्हटलं तर तुम्ही रागवाल, म्हणून म्हणत नाही."

पडद्यामागे धातूचं काहीतरी जमिनीवर पडलं आणि गोल फिरत फिरत शांत झालं. हाजीने उखळाकडे पाहिलं नाही. मुसळ अजून त्याच्या मांडीवर होतं, ते उचलून त्याने उखळात उभं केलं.

"प्या तुमची कॉफी," तो म्हणाला. "मागाल ते दिलं."

हाझिम प्यायला. गार, कडू आणि खरखरीत. त्याने गालिच्याकडे पाहिलं, हाजीकडे पाहिलं आणि गिळलं.

"सुवैलिम!" हाजीने हाक मारली.

अकरा महिन्यांत त्या तंबूत हे नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. सुवैलिम जवळजवळ धावतच आला, काठाशी चपला काढल्या आणि हात छातीशी धरून उभा राहिला. चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

"एवढं गाडीत ठेव," हाजी म्हणाला. "पाहुण्यांचं आहे."

सुवैलिमने उखळ पाहिलं. मग हाझिमला पाहिलं.

"जपून," हाझिम म्हणाला. "ओरखडा नको."

ते कुठे धरायचं असतं हे सुवैलिमला ठाऊक होतं. स्वतःच्या लग्नाची कॉफी त्याने त्यातच कुटली होती. तो उखळ घेऊन गेला.

तेव्हा हाजीने पाहुण्यासाठी पुन्हा किटली उचलली. या वेळी हात थांबला नाही. कॉफी तळावरून चढली, निम्म्यावर आली, काठाशी आली आणि काठाच्याही वर फुगून थरथरत उभी राहिली. हाजीने तो फिंजान दोन्ही हातांनी पुढे केला.

हाझिम सुखावला. उखळ देऊन वर एवढं! कागदावर 'वाढण्यातला सढळपणा' असा रकाना होता. त्यात त्याने पाचपैकी पाच दिले. तीन दिवसांतले हे पहिलेच पूर्ण गुण. बोटं भाजत त्याने फिंजान संपवला आणि बिया किती भाजाव्यात यावर थोडं बोलला. हाजी उभा राहिला. यजमान उभ्याने ऐकतोय हे पाहून हाझिमला बरं वाटलं, आणि तो आणखी थोडं बोलला.

शेवटी तो गाडीत येऊन बसला. उखळ शेजारच्या सीटवर होतं. सुवैलिम दार उघडणार एवढ्यात तंबूच्या मागच्या बाजूने फिद्दा आली. तिच्या हातात फिंजान होता.

"बाबा म्हणाले, ओझं वाहणाऱ्यालाही द्यायची असते."

सुवैलिमने फिंजान घेतला. आत डोकावला. तळ जेमतेम ओला होता. त्याने तो बॉनेटवर ठेवला आणि हात मागे बांधले.

"हे काय?" फिद्दा म्हणाली. "त्याला माणसं आणावी लागतात. पाच पांढऱ्या दाढ्या. तुझ्याकडे एक तरी आहे का?"

"एक आणला होता. त्याने उखळ मागितलं."

फिद्दाने ओठ आवळले. गाडीच्या आतून आवाज आला, "सुवैलिम! पी आणि चल. मला चार वाजता मादबाला डाळिंबाचं सरबत आहे!"

हाजी तंबूच्या काठाशी येऊन उभा होता. त्याने बॉनेटकडे पाहिलं.

"मागणं काय?"

"तुम्हाला माहीत आहे, काका."

"ते नंतर. कॉफी कशी आहे?"

"चांगली आहे."

"अजून प्यायला नाहीस."

"नाही प्यायलो. चांगली आहे."

हाजीने थोडा वेळ जमिनीकडे पाहिलं. "एवढं खोटं बोलायला अकरा महिने लागले तुला," तो म्हणाला. "तिचं काय ते तिला विचार."

"मला काय विचारायचंय?" फिद्दा फणकारली. "मी बोचकं सोडलंच कुठे होतं?" आणि ते आणायला ती आत गेली.

"पी," हाजी म्हणाला.

सुवैलिम एका घोटात प्यायला. तोंड वाकडं होऊ नये म्हणून त्याने डोळे मिटून घेतले.

बोचकं मोठं होतं. फिद्दाने मागचं दार उघडलं.

"सरका जरा. ते उखळ मांडीवर घ्या."

"ही कोण?" हाझिमने विचारलं.

"माझी बायको, उस्ताद."

"मघाचीच? अशी अचानक?"

"अचानकच, उस्ताद."

गाडी निघाली. हाझिम मागे उखळ मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या फिक्या पॅन्टवर काळे वर्तुळाकार डाग उमटत होते आणि मुसळ दर खड्ड्याला त्याच्या हनुवटीशी येत होतं. पुढे नवराबायको दोन अनोळखी प्रवाशांसारखी समोर बघत होती. दहाएक मैल मागे पडले.

मग फिद्दाने मान न वळवता सुवैलिमला विचारलं, "बाबांनी पाहुण्यांना दुसरा फिंजान दिला का?"

"मी तेव्हा उखळ ठेवत होतो."

"दिला ना," हाझिम मागून म्हणाला. "काठोकाठ! खरं सांगतो, इतका मान मला या तीन दिवसांत कुणी दिला नाही."

सुवैलिमने स्टिअरिंग घट्ट धरलं. फिद्दाने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं आणि खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलायला लागले. कतरानाचा पंप आला तेव्हा सुवैलिमचेही हलत होते, आणि गाडी या बाजूची त्या बाजूला होत होती.

"नीट चालव," हाझिम उखळ सावरत म्हणाला.

"रस्ता फार खराब आहे, उस्ताद," सुवैलिम कसाबसा म्हणाला.

समोर रस्ता मैलोनमैल सरळ पडला होता.