वरच्या सप्तकाचा फोन

माझे सासरे पियानो सुरात लावून देतात. वय एकाहत्तर, तरी आठवड्यातले चार दिवस कातडी पिशवी खांद्याला अडकवून बाहेर पडतात. पिशवीत तारांच्या खुंट्या फिरवायचा लांब दांड्याचा पाना, शेजारच्या तारा गप्प करायच्या रबराच्या पाचरी, लाल फेल्टची पट्टी, आपटला की ठरलेला सूर देणारा एक नादकाटा आणि त्यांचा फोन. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आणि आता त्यांची गिऱ्हाइकंसुद्धा अण्णाच म्हणतात.

एका सोमवारी सकाळी अण्णांनी फोन नाश्त्याच्या टेबलावर ठेवला, तर तो होडीसारखा डुलायला लागला. बॅटरी फुगली होती. मागच्या झाकणाला पोट सुटलं होतं आणि पुढची काच एका कडेने वर आली होती.

"अण्णा, हा फोन नाही, बॉम्ब आहे!" माझा नवरा खुर्चीसकट मागे सरकला. तो कॉम्प्युटर कंपनीत कामाला आहे, त्यामुळे घरातली वायर असलेली कुठलीही वस्तू त्याच्या अखत्यारीत येते. "किती वेळा सांगितलं, बदला म्हणून!"

"नवी बॅटरी टाकू की."

"या मॉडेलची बॅटरी कंपनीने बनवायची बंद केली, त्यालाही आता जमाना झाला. संध्याकाळी दुकानात जाऊ. मी बघून ठेवलाय एक."

त्याने खरोखरच बघून ठेवला होता. इतकंच नाही, तीन फोनांचा तुलनेचा तक्ताही छापून आणला होता. संध्याकाळी आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. तिथली बाई विक्रीही करते आणि दुरुस्तीही. कपाळावर भिंग चढवलेलं, हातात चिमटा. नवऱ्याने तक्ता तिच्यापुढे ठेवला आणि एका रकान्यावर बोट आपटलं. "हा द्या. सात वर्षं अपडेट. सात!"

अण्णांचं मात्र लक्ष भलतीकडेच होतं. गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून ते काचेच्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा न्याहाळत होते. तिथे धूळ बसलेला एक खोका होता. "हा दाखवता का?"

बाईने खोका काढून पुसला. "काका, मागाल तर देईन, पण सांगून देते. पाच वर्षांपूर्वीचं मॉडेल आहे, शेवटचा नग. कंपनीचे अपडेट आणखी सहा महिने येतील, मग बंद. त्यानंतर यात काही बिघडलं, कुणी घुसलं, तर कंपनी हात वर करणार."

"ऐकलंत?" नवरा म्हणाला. "उद्या तारीख संपणारं दूध आज घ्यायचं म्हणता तुम्ही."

"फोन काही नासत नाही."

"नासतो! बँकेचं ॲप चालणं बंद होईल. कोणीही येऊन तुमचं सगळं बघून जाईल."

"बघू दे की. माझ्या फोनमध्ये पियानोंशिवाय आहे काय?"

"पण हाच का हवाय? एक कारण सांगा!"

अण्णांनी खोका उलटा केला, सुलटा केला, परत ठेवला. "हातात बरा बसतो," ते म्हणाले. तो अजून खोक्यातून बाहेरही आला नव्हता. दुकानवाल्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. आम्ही रिकाम्या हाताने घरी आलो. बाप-लेक दोघंही घुम्म. जेवताना "जरा मीठ दे" हे वाक्यसुद्धा माझ्यामार्फत गेलं.

बुधवारी मला सुट्टी होती. नवरा कामावर, मी स्वयंपाकघरात कपाटं आवरत होते, आणि अण्णा कपडे धुवायच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून पेपर वाचत होते. मशीनचं काम संपलं आणि ते शिट्ट्या घालायला लागलं. टीं, टीं, टीं. अण्णा ढिम्म. मशीन त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर, आणि ते शांतपणे पान उलटतायत.

हे काही पहिल्यांदा नव्हतं. "अण्णा, मशीन ओरडतंय, बंद करायचं नाही का?" हे आम्ही रोज म्हणायचो आणि त्यांचं लक्ष नसतं असं धरून चालायचो. पण मी लॅबमध्ये काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या पेशी मोजते. एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसली की ती लिहून ठेवायची सवय लागलेली असते. मी मशीन बंद केलं आणि पेपर हळूच खाली केला.

"अण्णा, शिट्टी ऐकू आली?"

"कसली?"

आणि मग त्यांना कळलं की मला कळलंय. त्यांनी पेपराची घडी घातली, आणखी एक घातली, पेपर अगदी पाकिटाएवढा झाला.

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "बोलणं येतं ऐकू. पियानोचा खालचा, मधला भाग लख्ख येतो. वरचं शेवटचं सप्तक मात्र गेलं. पट्टी दाबली की लाकडाची टक् येते, सूर येत नाही."

मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. "मग लावता कसं?"

"फोन लावतो!" आणि इतक्या दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. अगदी जादूचा खेळ दाखवणाऱ्या माणसासारखा. "एका ट्यूनरनेच बनवलेलं ॲप आहे. पडद्यावर एक चकती फिरते. तार उतरलेली असेल तर डावीकडे, चढलेली असेल तर उजवीकडे. बरोबर सुरात आली की चकती उभी राहते, गप्प. मी डोळ्यांनी ऐकतो म्हण ना."

"मग ते नव्या फोनवर घ्या."

"चढत नाही. तो बनवणारा केव्हाच दुकान बंद करून बसला. नव्या फोनांना ते जुनं वाटतं, आत घेतच नाहीत. तसली दुसरी तीन-चार पाहिली मी. ती नुसती बरोबर-चूक सांगतात. आणि माझ्या सगळ्या नोंदी यात आहेत. त्रेसष्ट पियानो! कुठला ओलाव्याने उतरतो, कुठल्याची कुठली खुंटी ढिली, सगळं. त्या दुकानातला खोका याच फोनच्या पाठचा भाऊ आहे. त्यावर चालेल."

"हे दुकानात का नाही बोललात?"

"ज्याला ऐकू येत नाही असा ट्यूनर कोण बोलावेल, पोरी?" त्यांनी विचारलं. "आणि शनिवारी शाळेच्या सभागृहातला मोठा पियानो लावायचाय. रविवारी मुलांचा कार्यक्रम आहे."

मला हसू फुटलं. वाईट वाटायला हवं होतं, वाटतही होतं, पण हसूच आधी आलं. कारण याच गोष्टीवरून आमच्या लॅबमध्ये मागच्या वर्षी महाभारत झालं होतं. पेशी मोजायचं आमचं सगळ्यात चांगलं यंत्र एका जुनाट कॉम्प्युटरवर चालतं. नव्या कॉम्प्युटरवर त्याचा प्रोग्रॅम चालत नाही आणि जुन्याला अपडेट मिळत नाहीत. शेवटी आम्ही काय केलं? त्याची नेटची वायर काढली आणि ती परत कोणी लावू नये म्हणून भोकावर चिकटपट्टी मारली. यंत्र ठणठणीत चाललंय.

"अण्णा, उठा. दुकानात जाऊ. तुम्हाला दोन फोन लागणार आहेत."

आम्ही दोघं परत आलेलो पाहून दुकानवाल्या बाईने चिमटा खाली ठेवला. या वेळी अण्णांनीच सगळं सांगितलं. आधी चाचरत, मग तारा, पाचरी, चकत्या, सगळंच. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "काका, हे परवाच सांगितलं असतं तर मी तुम्हाला घाबरवलं नसतं. यात सिम घालायचं नाही, वाय-फाय लावायचं नाही. नेटच नाही तर अपडेट नसल्याने फारसं बिघडत नाही. तो तुमचा पाना आहे, असं समजा. पाना कुठे अपडेट मागतो?"

"आणि ॲप?" मी विचारलं.

"ते जुन्यातून काढावं लागेल. तो फोन सुरू होतोय का?"

अण्णांनी रुमालात गुंडाळलेला फुगीर फोन बाहेर काढला. तिने झाकण उघडून बॅटरी अलगद बाजूला काढली, वाळूच्या डब्यात ठेवली, आणि टेबलावरच्या वीज देणाऱ्या पेटीतून दोन बारीक तारा थेट फोनला लावल्या. पडदा लुकलुकला. विझला. पुन्हा लागला. अण्णांनी माझं मनगट पकडलं होतं, आणि खुंट्या फिरवणाऱ्या माणसाची पकड काय असते हे मला त्या दिवशी कळलं.

अर्धा तास गेला. दोन गिऱ्हाइकं येऊन "नंतर येतो" म्हणून गेली. मग बाईने जुन्या मॉडेलचा तो कोरा फोन आमच्याकडे वळवला. पडद्यावर चकती होती, आणि खाली त्रेसष्ट पियानोंची यादी.

"चालतं का ते बघा."

अण्णांनी पिशवीतून नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि फोनजवळ धरला. चकती थरथरली, जराशी उजवीकडे गेली आणि उभी राहिली. एकदम स्तब्ध.

"हाऽऽ!" अण्णा इतक्या मोठ्याने ओरडले की पलीकडच्या केशकर्तनालयातला माणूस कात्री घेऊन बाहेर आला. दुकानवाली बाई टाळ्या वाजवत होती. अण्णांनी पुन्हा नादकाटा आपटला, मग मला आपटायला दिला, मग तिला. आम्ही तिघं वेड्यासारखे गुडघ्यांवर नादकाटा आपटत बसलो.

सात वर्षं अपडेटवाला फोनही आम्ही घेतला. बोलायला, बँकेला, फोटोंना. संध्याकाळी अण्णांनी दोन्ही फोन नवऱ्यासमोर ठेवले आणि सगळं सांगून टाकलं.  तो उठून वडिलांच्या खुर्चीमागे गेला आणि त्यांच्या खांद्यांवर हात ठेवले. "तीन वर्षं तुम्ही बहिरे होता आणि मी समजत होतो, तुम्ही माझ्याकडे दुर्लक्ष करता."

"ते करत होतोच," अण्णा म्हणाले. "तुझं बोलणं मधल्या सप्तकात आहे."

नवरा हसता हसता खाली बसला. मग रात्रीच्या जेवणाआधी त्याने जुन्या मॉडेलच्या फोनमधली नेटची सगळी बटणं स्वतः शोधून बंद केली, आणि पुढच्या आठवड्यातली कानाच्या डॉक्टरांची वेळही घेऊन टाकली. अण्णांनी हूं की चूं केलं नाही.

शनिवारी मी त्यांच्याबरोबर शाळेत गेले. सभागृह रिकामं, खुर्च्या भिंतीशी रचलेल्या, आणि मधोमध तो काळा पियानो. अण्णांनी मधला भाग कानाने लावला, फोन खिशातच. डोकं किंचित तिरकं, डोळे मिटलेले. मग ते वर सरकले, फोन काढून पियानोवर उभा केला आणि दोन तारांमध्ये पाचर सरकवली.

"इकडे ये," ते म्हणाले. "पट्टी दाब. काय ऐकू येतं?"

मी दाबली. "सूर येतोय. पण... लाटा आहेत त्यात. वँव वँव वँव."

अण्णा ताठ झाले. "लाटा ऐकू येतात तुला? दोन तारा जुळल्या नसल्या की येतात त्या."

"स्पष्ट."

"आता?" त्यांनी पाना केसभर फिरवला.

"हळू झाल्या. वँऽव... वँऽऽव... गेल्या! अण्णा, गेल्या!"

त्यांनी चकतीकडे पाहिलं. ती उभी होती. मग त्यांनी पाना माझ्या हातात दिला. पुढची तार मी लावली. तीनदा पलीकडे गेली, चौथ्यांदा बसली. वरच्या सप्तकाला आम्हाला दोन तास लागले. ते एकटे चाळीस मिनिटांत करतात म्हणे. माझा दंड भरून आला होता आणि मला थांबायचं नव्हतं.

शेवटी संगीताच्या बाई आल्या. अण्णा उभे राहिले, पाना पुसला, आणि म्हणाले, "बाई, एक सांगायचंय. वरचे सूर मला ऐकू येत नाहीत. तीन वर्षं हे यंत्र बघून लावतोय. आज ही होती ऐकायला. तुम्हाला दुसरा माणूस बोलवायचा असेल तर—"

"तीन वर्षं?" बाई म्हणाल्या. "तीन वर्षांत या पियानोबद्दल माझी एकच तक्रार आहे, अण्णा. हे स्टूल करकरतं. त्याचं काहीतरी करा."

आणि त्या करकरत्या स्टुलावर बसून त्यांनी वाजवायला सुरुवात केली. काहीतरी धावतं, खट्याळ, खालून वर उड्या मारत जाणारं. झाडू मारायला आलेल्या बाई दारातच थांबल्या आणि झाडूच्या दांड्यावर ठेका धरू लागल्या. संगीताच्या बाईंचा उजवा हात पट्ट्यांच्या अगदी टोकापर्यंत गेला आणि तिथे नाचत राहिला.

अण्णांनी मला कोपराने ढोसलं. "कसं येतंय?"

"चकचकीत," मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. "एकही लाट नाही."

ते हसले. पिशवीतून वही काढून त्यांनी पुढच्या शनिवारचं पान उघडलं, त्यावर दोन पियानो लिहिले आणि वही माझ्यापुढे धरली.

"सकाळी नऊ," ते म्हणाले. "जमेल?"

मी त्यांच्या हातातला पेन घेतला आणि खाली तिसरा पियानो लिहिला. आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंकडे एक आहे, वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेला.