जाड माणूस शेवटी उतरतो

"गिरणीवाले, तुम्ही मधल्या फळीवर बसा. आणि उतरायचं सगळ्यांच्या शेवटी," आमचे हे म्हणाले.

गिरणीवाले पोटावर हात ठेवून निमूट बसले. बावीस वर्षं आमच्या नावेचा हाच नियम आहे. जाड माणूस घाईनं आधी उठला, की नाव कलते आणि उरलेल्यांना फुकटची आंघोळ घडते. मी धक्क्यावर तिकिटं फाडते, त्यामुळे हे सगळं मला तोंडपाठ.

नाव पलीकडे गेली तेवढ्यात माझा धाकटा भाऊ मोबाइल नाचवत आला. मोबाइलवर एक आभासी नाणं होतं, महिन्यात दुप्पट झालेलं.

"ताई, दाजींना सांग, इंजिनाचे पैसे यात टाका. एकाची दोन इंजिनं घेऊ."

इंजिनासाठी आम्ही चार वर्षं पैसे साठवत होतो. वल्ही मारून मारून यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. घरी आल्यावर सदरा काढायलाही मी लागायची. खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

हे परतले. घाम पुसत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात माणसं किती?"

"हजारो, दाजी."

"त्यातली जाडी माणसं किती?"

भाऊ हसला. पण हे हटेनात, तेव्हा त्यानं यादी काढून दाखवली. शंभरातली ऐंशी नाणी चार खात्यांत होती. खाती कोणाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"चौघं जाडे, आणि तोंडं दिसत नाहीत," हे म्हणाले. "त्यांना शेवटी उतरा म्हणून सांगणार कोण?"

"ते कशाला उतरतील? नाणं त्यांचंच आहे."

"काठ आला की जो तो उतरतो, बाबा."

झालं, इंजिनाचे पैसे जागचे हलले नाहीत. माझ्या भावाचा शब्द खाली पडला म्हणून मी आठ दिवस अबोला धरला, भांडी आपटली. नवव्या दिवशी माझे शिवणकामाचे पैसे गुपचूप भावाला दिले आणि गोड बोलायला लागले.

पुढच्या महिन्यात चौघांतले दोघं एकाच सकाळी सगळं विकून मोकळे झाले. भाव कोसळला तसे हजारो लोक विकायला धावले, पण घ्यायला कोणी उरलं नव्हतं. यापायी गहाण टाकलेली भावाची मोटारसायकल गेली. माझ्या पैशांत कपभर चहा आला असता, तोही बिनसाखरेचा.

मी रडत रडत यांना सांगितलं.

"ठाऊक होतं," हे म्हणाले. "तू नवव्या दिवशी गोड बोललीस, तेव्हाच म्हटलं, काहीतरी बुडालं."

रडता रडता मला हसू फुटलं. या माणसाशी धड भांडताही येत नाही.

इंजिन आलं त्या दिवशी मीही नावेत बसले. भाऊ धक्क्यावर लांब उभा होता, मान खाली घालून. यांनी हाक मारली, "ये, मध्ये बस."

"मी कुठे जाड आहे, दाजी?"

"आज आहेस, मनावर ओझं आहे तुझ्या. बस गपचूप."

इंजिनाचा आवाज ऐकून गिरणीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. यांनी उजवा हात मांडीवर नुसता ठेवून दिला होता. बावीस वर्षांत तो हात रिकामा मी पहिल्यांदाच पाहिला.

पलीकडे आधी बाकीचे उतरले. मग गिरणीवाले, मग माझा भाऊ. नाव जराही कलली नाही. नाव यांचीच, तरी हे सगळ्यांच्या शेवटी उतरले.